हातभर लांब शब्द

बी-३०२: नमस्कार. लेकीला वाचताना ‘सेस्क्विपिडेलियन’ हे इंग्रजी विशेषण भेटलं. ‘लांबलचक, जड शब्द वापरणारा’ असा अर्थ मिळाला, पण ती म्हणते हा शब्द आला कुठनं? सर, सांगता काय जरा?

ए-१०४ (सर): सांगतो की. लॅटिन आहे मूळ. ‘सेस्क्वि’ म्हणजे दीड आणि ‘पेस’ म्हणजे पाय. सायकलचं पेडल त्यातलंच. सरळ अर्थ दीड फुटी. हा ‘पेस’ आणि आपला संस्कृत ‘पाद’ एकाच मुळाचे, सख्खे भाऊच म्हणा.

सी-२०१: दीडशहाण्यातला दीड का ओ सर?

ए-१०४ (सर): आकडा तोच, घडण वेगळी. आपला दीड ‘द्व्यर्ध’पासून आला, म्हणजे दुसऱ्यातला अर्धा. लॅटिनमध्ये ‘सेमिस’ अर्धा आणि ‘क्वे’ म्हणजे आणि. तिथं ‘आणि अर्धा’ असं म्हणून दीड होतो.

बी-३०२: दीड फूटच का, असं विचारतीय.

ए-१०४ (सर): चांगलं विचारलं पोरीनं. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं रोमन माप दीड फुटाचं होतं. आपला हातही १८ इंचांचाच. म्हणून मी ह्याचं मराठी ‘हातभर लांब’ असं करीन.

बी-३०२: फूटपट्टी घेऊन बसलीय. तिचा हात पावणेसोळा इंच भरला, माझा साडेसोळा.

ए-१०१ (आजी): आमच्या वेळी लुगडं हातावरच मोजायचे गं. वार म्हणजे दोन हात. नऊवारी म्हणजे अठरा हाती.

सी-२०१: पण शब्दाला माप लावायचं सुचलं कुणाला?

ए-१०४ (सर): होरेस नावाच्या रोमन कवीला. इसवी सनपूर्व ६५ ते ८ हा त्याचा काळ. ‘आर्स पोएटिका’ ह्या काव्यकलेवरच्या कवितेत तो टेलेफस आणि पेलेयस ह्या ग्रीक नाटकांतल्या राजांविषयी बोलतो. दोघंही देशोधडीला लागले, हातात काही उरलं नाही. अशा वेळी बघणाऱ्याच्या काळजाला हात घालायचा असेल तर ते फुगवलेली भाषा आणि हे दीड फुटी शब्द टाकून देतात, असं त्याचं म्हणणं. इंग्रजीत हे विशेषण सतराव्या शतकात आलं. आता मोठे शब्द वापरणाऱ्या माणसालाही लावतात, पण मुळात ते दुःखाच्या भाषेबद्दल बोलताना आलंय. मला हे फार मोलाचं वाटतं.

सी-२०१: रोम कुठं आणि आपण कुठं!

ए-१०४ (सर): तेवढं लांब नाही. आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन ह्या समुद्रदेवाची काशाची मूर्ती सापडली, रोमन व्यापाराबरोबर आलेली. टाऊन हॉल म्युझियमला पोरीला घेऊन जा, छोटीशी मूर्ती आहे, पण डौल बघण्यासारखा.

ए-१०१ (आजी): सर, त्या कवीचं खरं आहे. आमचे हे गेले तेव्हा मोठमोठ्या शब्दांची पत्रं आली. कुणाचं काय होतं, आता आठवत नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “चहा टाकू?” ते अजून कानात आहे.

ए-१०४ (सर): आजी 🙏

बी-३०२: आजी, लेक खाली येतीय तुमच्याकडं. लुगडं असलं तर काढून ठेवा. अठरा हात भरतंय का, तिला स्वतःच्या हातानं मोजून बघायचंय.

ए-१०१ (आजी): ये म्हणावं. ट्रंकेत हिरवं इरकली आहे.