अनुभव धागा : २७ मे २०२३, बुंडेसलिगा (जर्मनीची फुटबॉल लीग), डॉर्टमुंड–माइन्झ. तुम्ही कुठे होतात?

मोगरा
आज माळा आवरायला काढला. एका पिशवीत लेकाची पिवळी जर्सी निघाली. २२ नंबर, डॉर्टमुंडच्या बेलिंगहॅमची. आता खांद्यातूनच उतरत नाही त्याच्या. छातीवर आमरसाचा डाग अजून तसाच आहे.

तो डाग त्या शनिवारचा. आपल्याकडे सातला मॅच, म्हणून पुऱ्या लवकर तळून घेतल्या होत्या. विजेतेपदाच्या शर्यतीतले बायर्न आदल्या आठवड्यात घरच्या मैदानावर लाइपझिगकडून १-३ हरलेले, डॉर्टमुंड दोन गुणांनी पुढे. माइन्झला हरवलं की २०१२ नंतर पहिल्यांदा लीग आपली. पंधराव्या मिनिटाला गोल खाल्ला. मग पेनल्टी मिळाली आणि हालेर पुढे आला. कॅन्सरचे उपचार घेऊन जानेवारीत परत मैदानात उतरलेला माणूस. मी हात जोडूनच बसले होते. गोलीने अडवली. चोविसाव्या मिनिटाला ०-२. लेकाच्या हातातली वाटी कलली ती तेव्हा.

शेवटी ९६व्या मिनिटाला झ्युलेने २-२ केलं, पण उपयोग नव्हता. बायर्न तिकडे जिंकले. दोघांचे ७१ गुण, गोलफरकावर लीग बायर्नची. लेक रडला नाही. आपला प्रशिक्षक टेर्झिच त्या पिवळ्या भिंतीसमोर (आपल्या पाठीराख्यांच्या स्टँडसमोर) उभा राहून रडत होता आणि भिंत त्याच्यासाठी गात होती, ते एकटक बघत बसला. रात्री झोपताना विचारलं, "आई, हरलेल्यांसाठी पण गातात?"

तुमचा तो दिवस कसा गेला? त्याच मॅचचं लिहा असं नाही, बुंडेसलिगाचं काहीही चालेल.

जिन्यातला
मी डॉर्टमुंडमध्येच होतो, शिकायला. तिकीट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या स्वयंपाकघरात आठ जण, लॅपटॉपवर आपली मॅच, फोनवर कोलोन–बायर्न. ८१व्या मिनिटाला कोलोनने पेनल्टीवर १-१ केलं आणि टेबलावरचे ग्लास पडले. आपण १-२ मागे आणि तरी त्या घडीला चॅम्पियन! ७० विरुद्ध ६९. खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून वर आल्या, मला मिठी मारली. त्याआधी कचऱ्याच्या डब्यांवरून बोलण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

आठ मिनिटं. मग ८९व्या मिनिटाला बायर्नच्या मुसियालाचा गोल.

आजी खुर्चीत तशाच बसून राहिल्या. मी चहा केला, आपला, आलं घालून. त्यांनी सगळा प्यायला.

भाऊसाहेब
आठ मिनिटं म्हणता, शाल्केवाल्यांना विचारा. १९ मे २००१. उंटरहाखिंगला ५-३ हरवून लोक मैदानात नाचत होते आणि तिकडे हाम्बुर्गला बायर्नच्या अँडरसनने ९४व्या मिनिटाला गोल केला आणि लीग बायर्नची झाली. चार मिनिटांचे विजेते म्हणतात त्यांना. मी तेव्हा बँकेत नवीन होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी वाचल्या. चारच ओळी, पण डोक्यातून गेल्या नाहीत.

सांडगे
डॉर्टमुंडच्या धाग्यावर कट्टर वैऱ्याचं, शाल्केचं नाव! भाऊसाहेब, जपून हं.

भाऊसाहेब
दुःखाला रंग नसतो हो.

हिशेबनीस
हालेरची पेनल्टी सगळ्यांच्या लक्षात आहे, माझ्या लक्षात स्टुटगार्ट आहे. १५ एप्रिल. २-० पुढे, समोर दहाच माणसं, आणि ३-३! लीग तिथेच गेली. माझी दुसरी तक्रार जुनी आहे. पोरगा जरा तयार झाला की विकायचा, असं किती वर्षं चालायचं? डेम्बेले, सँचो, हालंड, बेलिंगहॅम. आपण वाढवायचं, ताट दुसऱ्याने वाढून घ्यायचं.

ओटी
हिशेबनीस, असं नका म्हणू. २००५ आठवा. क्लब दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर होता, स्टेडियमही विकून झालं होतं. डुसेलडॉर्फ विमानतळावर गुंतवणूकदारांची बैठक झाली, त्यांनी हो म्हटलं म्हणून वाचला. ज्याने एकदा घर गहाण पडलेलं पाहिलंय तो उधारीवर लग्न लावत नाही. डेम्बेले दीड कोटी युरोला घेतला आणि वर्षभरात साडेदहा कोटींना बार्सिलोनाला दिला. बेलिंगहॅमचेही दहा कोटींच्या वर आले. त्या पैशातून पुढची पोरं येतात.

माझ्या वडिलांचं दुकान १९९८ला गेलं, म्हणून हे जवळचं वाटतं. त्यावर नंतर लिहीन, कुकर झाला.

हिशेबनीस
बाहेर विकलेलं एकवेळ समजतं. पण ग्योत्झे २०१३, लेव्हांडोव्स्की २०१४ (तोही फुकट, करार संपवून!), हुमेल्स २०१६, तिघेही बायर्नकडे. ज्याच्याशी शर्यत त्यालाच आपले बैल द्यायचे? ते मला आजही झोंबतं.

ओटी
ते मान्य. १००%.

म्हापशेकर
मला तर हेवा त्यांच्या ५०+१ नियमाचा वाटतो. क्लबात बहुमत सभासदांचं, कुणी धनवंत येऊन रातोरात मालक होऊ शकत नाही. (लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग अपवाद, ते कंपन्यांचेच.) २०२४ला लीगमध्ये गुंतवणूकदार आणायचं घाटत होतं, तेव्हा लोकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून मॅचेस थांबवल्या आणि तो बेत रद्द करायला लावला. आमच्या गोव्यात २०१६ला धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे क्लब आय-लीगमधून (देशाच्या फुटबॉल लीगमधून) बाहेर पडले. बाबा फातोर्ड्याच्या स्टेडियमवर न चुकता जायचे. त्यांना कोण विचारणार? संध्याकाळी रेडिओ लावायचे आणि लगेच बंद करायचे.

सांडगे
म्हापशेकर, बाबांना नमस्कार सांगा.

ऱ्हाइनकाठ
आम्ही लेव्हरकुसेनजवळ राहतो. इथल्या क्लबाचं 'कायम दुसरे' हे टोपणनाव वर्षानुवर्षांचं. २००२ला लीग, कप, चॅम्पियन्स लीग, तिन्हीकडे दुसरे! आणि ती लीग नेली डॉर्टमुंडनेच. मग १४ एप्रिल २०२४, वेर्डरला ५-०, व्हिर्ट्झची हॅटट्रिक, पाचव्या गोलला सगळं स्टेडियम गवतावर. ३४ पैकी २८ जिंकल्या, ६ बरोबरीत, हार एकही नाही. बायर्नची सलग ११ लीगांची माळ तुटली. आमचे शेजारी सत्तरीचे, त्या रात्री बाल्कनीत एकटे उभे होते. नवऱ्याने हाक मारली तर हात हलवला, बोलता येत नव्हतं त्यांना.

जिन्यातला
ऱ्हाइनकाठ, अभिनंदन, उशिरा का होईना. मला आतड्याला पीळ पडला तो वेम्बलीला, चॅम्पियन्स लीगच्या फायनलला. १ जून २०२४, रेआल माद्रिद २-० जिंकले आणि त्यांच्याकडून समोर आपलाच बेलिंगहॅम. रॉइसची डॉर्टमुंडसाठी ती शेवटची मॅच. डॉर्टमुंडमध्ये जन्मलेला, १२ वर्षं आपल्याच क्लबात, आणि बुंडेसलिगा एकदाही नाही.

मोगरा
रॉइसचं नाव काढलंत आणि पाणी आलं डोळ्यांत. त्या फायनलला लेक २२ नंबर घालून बसला नाही, साधी पिवळी घातली.

चिंधी
मोगरा, जर्सी टाकू नका. उशीचा अभ्रा शिवा. गोधडीत नको, पॉलिएस्टर घसरतं.

मोगरा
अगं, अभ्रा! मशीन आहे घरी. पण मागे एकदा असलं कापड शिवलं तर टाके सुटत होते.

चिंधी
सुई बदला. बॉलपॉइंट सुई मिळते, ११ नंबरची, होजिअरीच्या कापडाची. टाका थोडा मोठा ठेवा. २२ मधोमध येईल असा कापा, छापलेल्या भागावर इस्त्री उलट्या बाजूने.

मोगरा
लेकाला विचारलं आत्ता. म्हणाला, चालेल, पण डाग काढायचा नाही.