'सरपंचा', 'पोलीस पाटलीण' आणि गड्याचा रोज

देवगडची
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, की 'सरपंच' म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुषच येतो, म्हणून 'सरपंचा', 'तहसीलदारा', 'पोलीस पाटलीण' असे शब्द रूढ करा. जे करत नाहीत त्यांना म्हणे बाईचं कर्तृत्व खुपतं. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी स्वतः सरपंच होते. 'सरपंच आल्या' म्हटलं की झालं, क्रियापदच सांगतं कोण आलं ते. शेपूट कशाला हवं? आणि 'पोलीस पाटलीण' तर कहर आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, खोतीण म्हणजे खोताची. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेली बाई वाडीत भांडण झालं की पोलिसांच्या आधी तिथे पोचते, मयत सापडलं की ठाण्याला कळवते, आणि तिला आम्ही कुणाची तरी बायको करून ठेवायचं? आनंदीबाई जोशी 1886 साली डॉक्टर झाल्या. आज कोण त्यांना 'डॉक्टरीण आनंदीबाई' लिहितं?

माझा खरा राग आहे 'महिला सरपंच'वर. तालुक्याच्या एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावाखाली 'महिला सरपंच' आणि शेजारच्या गावच्या भाऊंच्या नावाखाली नुसतं 'सरपंच'. 2011 पासून राज्यात निम्म्या जागा बायकांना आहेत. तरी खुर्ची त्यांची आणि आम्ही पाहुण्या?

निवृत्त गुरुजी
ताई, राग समजला, पण व्याकरण रागावर चालत नाही. शिक्षिका, लेखिका, कवयित्री, मुख्याध्यापिका हे शब्द तुम्हाला चालतात ना? त्यात कुणाची बायको नाही. मग 'सरपंचा'च का खुपतो? नवा आहे म्हणून. 'प्राध्यापिका'सुद्धा कधीतरी नवाच होता.

आणि क्रियापदाचा दाखला अर्धाच आहे. 'सरपंचांनी ठराव मांडला', 'सरपंचांची सही झाली', 'सरपंचांकडे जा'. यात बाई कुठे दिसते? ठराव पुल्लिंगी, सही स्त्रीलिंगी, सरपंच गायब. बातमी वाचणारा पुरुषच धरून चालतो. ते गृहस्थ एवढंच सांगत होते.

देवगडची
गुरुजी, 'ने' लागला की कर्ता झाकला जातो, हे बरोबर. पण ठरावाला बाई-पुरुष कळायची गरज काय? पाण्याच्या योजनेचा ठराव आहे, बारशाचा नाही.

कुडाळकर
तुमी दोगय पुस्तकातलां बोलतास. गावात कोण असां बोलणा नाय. आमच्या वाडीतलां चेडू डाक्टर झालां. पयल्यांदा घराकडे इलां तेव्हा आजयेन खळ्यातसून हाक मारल्यान, 'आमचां डाक्टर इलां गो!' आता ह्या 'इलां' काय? 'इलो' नाय, 'इली' नाय. आमच्याकडे लहान बायमाणसाक, घरच्या पोरीक 'तां'च म्हणतत. त्येच्यात जो जीव आसा तो तुमच्या 'सरपंचा'त खय?

ठाण्याचा चाकरमानी
मूळ गाव सावंतवाडी तालुक्यात, म्हणून हक्काने लिहितो. हा 'तां' मला लहानपणापासून खटकतो. मुलगा झाला तर 'तो', मुलगी झाली तर 'तां'! टेबल, दार, भांडं यांच्या पंक्तीत पोरगी. तुम्ही जीव म्हणा, मला त्यात तिची किंमत दिसते. एमबीबीएस झालेल्या मुलीला नपुंसकलिंगी हाक मारून वर अभिमान?

कुडाळकर
चाकरमान्यांनू, मे महिन्यात चार दिस येतास आणि आमका बोलूक शिकवतास? गोव्यातय चेडवाक 'तें' म्हणतत. घाटावर 'लेकरू', 'पोरगं' म्हणतत, ती काय भांडी झाली? तुमच्या पोरीक तुमी 'माझं बाळ ते' म्हणनास नाय? ता चलता, आमचां 'तां' चलणा नाय!

रत्नागिरीची लेक
लहानपणी बाळाला 'ते' म्हणणं वेगळं आणि तिशीच्या डॉक्टरला म्हणणं वेगळं. त्याच वयाचा मुलगा डॉक्टर झाला तर आजी 'डाक्टर इलो'च म्हणेल ना? मग माया फक्त पोरींवर आहे का? याचं उत्तर कुडाळकरांनी द्यावं.

बाकी बोलीच्या खोडी काढायच्या तर सगळ्यांच्याच निघतील. आमच्या घरात बायका 'मी जात्ये' म्हणतात. मालवणीत बाई-पुरुष दोघेही 'मी जातंय'. लग्न होऊन कोल्हापूरला गेले, तर तिथे सासूबाई 'मी जातो' म्हणायच्या. पहिले काही दिवस मी स्वयंपाकघरातून कोण पुरुष बोलतोय म्हणून वळून बघायचे. त्या घरात सासूबाईंचा शब्द कुणी मोडत नव्हतं, आणि इथे 'जात्ये' म्हणणाऱ्या माझ्या आईला साधी भाजी काय आणायची ते विचारत नसत. लिंगावरून मान ठरवणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

कुडाळकर
झिलाक 'डाक्टर इलो' म्हणतली, ता खरां. तेवडां तुमचां मान्य. पण शाळेत पोरान 'तां' म्हटल्यार मास्तर वराडतत, त्यापायी आमची पोरां घरातय मालवणी बोलूक लाजतत. त्येचां काय? त्येच्यार कोण धागो काढणा नाय.

निवृत्त गुरुजी
मास्तर ओरडतात ते प्रमाण मराठी यावी म्हणून. पेपर मालवणीत तपासले जात नाहीत. मी स्वतः मुलांना मधल्या सुट्टीत हवं ते बोलू दिलं आहे, उगाच सगळ्या मास्तरांना एका माळेत ओवू नका.

परिचारक
माझं गाऱ्हाणं उलटं आहे. मी सरकारी रुग्णालयात परिचारक आहे. पेशंट आधी 'सिस्टर' हाक मारतात, मग माझ्याकडे बघून गप्प होतात, मग 'ब्रदर'. ब्रदर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'डॉक्टर कधी येणार?' सलाईन मीच लावणार असतो. आणि खेड्यात बघा, जिल्हा परिषदेच्या भरतीत पदाचं नाव छापतात 'आरोग्य सेवक (महिला)'. लोक तिला नर्सबाई म्हणतात. कंसातली बाई सरकारलाच लागते.

हर्णै बंदर
इतका वेळ वाचतोय. पदं, ठराव, डॉक्टर. आमच्या बंदरावर येऊन बघा. कोळीण ही कोळ्याची बायको म्हणून कोळीण नाही. नवरा होडीवर, लिलावात बोली लावणार ती, टोपलीतली सुरमई बोटाने दाबून ताजी की बर्फातली ते सांगणार ती, उधारी लक्षात ठेवणार ती. शब्द 'ईण'चा आहे म्हणून तिचं काही अडलं नाही. देवगडच्या ताईंचा 'ईण'वरचा राग मला पटत नाही.

पण एक शब्द आहे जो मला जाळतो. बागेत, शेतात माणसं सांगताना काय म्हणतात? 'चार गडी नि सहा बायका लागतील.' गडी म्हणजे कामगार, बाई म्हणजे नुसती बाई. आणि रोजही दोन, गड्याचा वेगळा, बाईचा वेगळा. समान वेतनाचा कायदा 1976 सालीच आला. लावणीला दिवसभर पाण्यात वाकून कोण उभं असतं? काजूच्या फॅक्टरीत चिकाने हात कुणाचे काळे होतात? तिला 'कामगार' म्हणा, मग 'सरपंचा' की सरपंच ते बघू.

निवृत्त गुरुजी
बागेचं मलाही कळतं, माझी कलमं आहेत. झाडावर चढून फवारणी, चिऱ्याचा गडगा घालणं, ही कामं गड्याचीच. रोज कामाचा असतो.

हर्णै बंदर
गुरुजी, गवत काढायला गडी आणि बाई शेजारी शेजारी बसतात तेव्हा तुम्ही रोज किती देता, ते लिहा.

निवृत्त गुरुजी
सारखा देत नाही. गावात कुणीच देत नाही. मी एकट्याने वाढवला तर उद्या बाकीचे बागायतदार माझ्या दारात येतील. तुमचा मुद्दा रास्त आहे, पण तो मजुरीचा आहे, भाषेचा नाही. 'सरपंचा' व्याकरणात बसतो, यावर मी ठाम आहे.

देवगडची
भाषेचा कसा नाही? 2024 साली ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आणि तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी'. सेवक नको, अधिकारी म्हणा, ही त्यांची मागणी शासनाने ऐकली. अंगणवाडी योजना 1975 ची. वजन-उंची, पोषण आहार, घरभेटी, मोबाईलवर रोजची नोंद, वर निवडणुकीची कामं, तरी तिथली बाई अजून 'सेविका', हातात पगार नाही, मानधन. आशाताई तर 'स्वयंसेविका'. स्वयं म्हणजे आपखुशीने! यांच्या नावात 'ईण' नाही, कुणाची बायकोही नाही, व्याकरण एकदम शुद्ध. गुरुजी, मला 'सरपंचा' नको तो यासाठी. बाईसाठी वेगळा शब्द केला की त्याच्या मागोमाग वेगळा रोज येतो.

हर्णैच्या दादांचं कोळणीबद्दल ऐकते, तिथे 'ईण' अडत नाही. पण ती स्वतःच्या पैशाची मालक आहे म्हणून अडत नाही.

कुडाळकर
ह्या बरोबर बोललास. तरी आमच्या डाक्टराक मी 'तां'च म्हणतलंय.

रत्नागिरीची लेक
तिला विचारलंत का कधी, काय आवडेल ते?

कुडाळकर
नाय. चतुर्थेक घराकडे येतलां तेव्हा इचारतंय.