रूळ उचललेल्या रेल्वेमार्गावरील सायकल सहलीसाठी नागपुरात सराव कसा करावा?

संथचाक (प्रश्न):

नमस्कार. माझे वय 59 असून येत्या फेब्रुवारीत आम्ही उभयता मुलीकडे न्यूझीलंडला जाणार आहोत. तिने तेथील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल या सायकलवाटेचा चार दिवसांचा बेत आखला आहे. मिडलमार्च ते क्लाईड या टप्प्यावरील रेल्वे 1990 मध्ये बंद झाली, रूळ उचलले गेले आणि 2000 मध्ये त्याच भरावावरून, जुन्याच पुलांवरून व बोगद्यांतून जाणारी 152 किलोमीटरची ही वाट सर्वांसाठी खुली झाली. म्हणजे आम्हाला रोज सरासरी 38 किलोमीटर सायकल चालवावी लागेल.

सध्या मी रोज पहाटे फुटाळा, तेलंगखेडी आणि सेमिनरी हिल्स असा 10-12 किलोमीटरचा फेरा मारून चाळीसेक मिनिटांत घरी परततो आणि दम लागत नाही. परंतु मागच्या रविवारी काटोल रोडने फेटरीच्या पुढे जाऊन आलो, तेव्हा परतताना दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर झाल्या आणि बसण्याच्या जागेविषयी तर न बोललेलेच बरे. उरलेल्या चार महिन्यांत चढाचा व वेगाचा सराव करावा की नुसते अंतर वाढवत जावे?

धंतोलीकर:

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ही वाट क्लाईडकडून सुरू करून चार दिवसांत पूर्ण केली, म्हणून अनुभवाने लिहिते. काका, आपल्या पायांची चिंता सोडा. चिंता करायची ती बैठकीची आणि हातांची. चॅटो क्रीकच्या पुढे टायगर हिल नावाचा चढ लागतो. नाव ऐकून आमच्या पोटात गोळा आला होता, पण तो चढ आहे हेसुद्धा मागे वळून पाहिल्यावर कळले. त्रास झाला तो निराळ्याच गोष्टीचा. वाट इतकी एकसारखी आहे की उतारावर पाय थांबवून सायकल सोडून द्यावी, अशी संधी फारशी मिळत नाही आणि तीन-चार तास पाय सतत फिरतच राहतात. आपल्या शहरात सिग्नल, गतिरोधक आणि खड्डे यांच्या निमित्ताने माणूस आसनावरून आपोआप उठतो. तिथे ठरवून उठावे लागते. आम्ही दर दहा मिनिटांनी पेडलवर उभे राहून वीस फेरे मारायचे, असा नियमच केला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे वाटेवर डांबर नसून बारीक खडी आहे. ती हाताला सतत बारीक हादरे देते, म्हणून मूठ सैल ठेवण्याची सवय आताच लावून घ्यावी आणि हँडल थोडे उंच करावे. पूलबर्न घळीतील दोन्ही बोगदे दोनशे मीटरपेक्षा लांब आहेत आणि आत मिट्ट काळोख असतो, तेव्हा चांगली विजेरी हवीच. आम्ही तिथे सायकली हातात धरून चाललो. बाहेर येताच 37 मीटर उंचीचा पूल लागतो.

मोतीबागचे जुने:

रेल्वेत नोकरी झाल्यामुळे थोडी भर घालतो. रूळ आणि चाक दोन्ही लोखंडी असल्याने त्यांची पकड कमी असते व तीव्र चढावर इंजिनाचे चाक जागच्या जागी घसरते. त्यामुळे मार्ग आखणारे अभियंते डोंगर कापतील, बोगदा खणतील किंवा चार किलोमीटरचा वळसा घेतील, पण चढ वाढू देणार नाहीत. या मार्गावरील सर्वांत कठीण चढही 50 मीटरला 1 मीटर एवढाच आहे, आणि ओटुरेहुआ व वेडरबर्न यांच्यामध्ये वाट 618 मीटरची सर्वाधिक उंची गाठते तीही अशीच रमतगमत. सेमिनरी हिल्सचे काही चढ याहून नक्कीच तीव्र आहेत; जो माणूस ते रोज चढतो, त्याने वेगळा चढाचा सराव करण्याची गरज नाही.

(आपल्याकडे 762 मिलिमीटर रुंदीचा नागपूर–नागभीड नॅरोगेज मार्ग 2019 मध्ये बंद झाला, तो सायकलवाटेसाठी नव्हे, तर ब्रॉडगेजसाठी. उमरेडकडच्या लोकांची सोय पाहता ते योग्यच झाले. तरीही त्या भरावावरून एकदा सायकल चालवायला मिळाली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.)

वेगवान वऱ्हाडी:

मला हे पटत नाही. आठवड्यातून दोनदा दोन-दोन मिनिटे जोरात व नंतर हळू असा सराव केल्याने हृदयाची क्षमता कमी वेळात वाढते. नुसते रेंगाळत तास मोजण्यात काय अर्थ आहे?

धंतोलीकर:

शर्यतीसाठी आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. पण काकांचा दम कमी पडत नाही, कातडी आणि मनगटे कमी पडत आहेत, आणि ती तासांनीच तयार होतात. बोलता बोलता धाप लागणार नाही, अशा ताशी 12-13 किलोमीटरच्या गतीने शनिवारी दोन तास व लगेच रविवारी पुन्हा दोन तास चालवावे आणि दर पंधरवड्याला अर्धा तास वाढवावा. दुखऱ्या अंगाने दुसऱ्या दिवशी पुन्हा आसनावर बसणे, हीच खरी परीक्षा आहे. त्यातील एक दिवस कालव्याच्या काठचा मुरमाचा रस्ता निवडावा आणि चाकांत हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी.

संथचाक:

सर्वांचे आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे. आसनाची उंची तपासली, तेव्हा ते तीन बोटे खाली असल्याचे आढळले. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली तर गुडघा सरळ व्हायला हवा, तो माझा वाकलेलाच राहत होता. या शनिवारी व रविवारी मिळून 62 किलोमीटर झाले, पैकी 20 मुरमावर. मुरमावर ब्रेक एकदम दाबला आणि मागचे चाक असे काही सरकले की सौ.नी पुढचा तासभर मला त्यांच्या मागेच ठेवले. करंगळ्यांचा बधिरपणा जवळजवळ गेला आहे. परतताना तर्री पोह्यांसाठी थांबलो, तेव्हा लाकडी बाकावर बसताना मात्र अजूनही विचार करावा लागला.

आता एकच शंका उरली आहे. सायकली तिथे भाड्याने घेणार आहोत. तर अंगवळणी पडलेले माझे आसन इथूनच नेले तर चालेल का?

धंतोलीकर:

अवश्य न्या, मीही नेले होते. फक्त त्याखालची दांडी नेऊ नका, कारण तिची जाडी सायकलीगणिक बदलते. आसन बसवायची पाना-किल्ली मात्र सामानात टाका आणि ती केबिन बॅगेत ठेवू नका.