‘जस्ट’ म्हणजे नक्की काय? तुमचे अनुभव लिहा

लेकीला काल व्याकरणाच्या अभ्यासात पाच वाक्यं होती. प्रत्येकातल्या ‘जस्ट’चा अर्थ मराठीत लिहायचा. तिनं पाचही ठिकाणी ‘फक्त’ लिहून वही मिटली होती. तिला समजवायला बसले आणि एकदम २००४ सालचं बर्मिंगहॅम डोळ्यांसमोर आलं.

सासूबाई आमच्याकडे राहायला आलेल्या. पित्ताशयात खडे निघाले, ॲडमिट केलं. रात्रभर मी तिथेच होते, सकाळी अंघोळीपुरती घरी आले. पोह्यांचा कांदा परतत होते तेवढ्यात वॉर्डातून फोन. नर्स म्हणाली, “शी हॅज जस्ट गॉन डाउन, लव्ह.” मला ऐकू आलं ते एवढंच, जस्ट गॉन. आत्ताच गेल्या. शाळेत पाठ केलेलं ना, जस्ट म्हणजे नुकताच. पुढचं ‘डाउन’ डोक्यात शिरलंच नाही. फोन ठेवला. नवरा ऑफिसात, त्याला कुठल्या तोंडानं सांगू? ओट्याला धरून उभी राहिले. कांदा जळाला, धुराचा अलार्म कोकलायला लागला तेव्हा भानावर आले आणि वॉर्डला उलटा फोन केला. तर त्यांना ऑपरेशनसाठी खालच्या मजल्यावर नेलं होतं! “शी इज जस्ट फाइन,” ती म्हणाली. हा जस्ट म्हणजे ‘अगदी’. जमिनीवर बसून रडले मी.

तुमच्याकडे आहेत का असे जस्ट?

पाऊसवेडी
बाई गं. वाचतानाच पोटात गोळा आला. सासूबाई आता कशा आहेत?

धागाकर्ती
मजेत! ८३ वर्षांच्या आहेत. आत्ता गॅलरीत मटार सोलतायत.

चाकणचा
जस्ट इन टाइम. २००९, पहिली नोकरी, डिस्पॅचला होतो. मला वाटायचं म्हणजे ऐनवेळी, लग्नात अंतरपाट धरायच्या क्षणी मामा धावत येतो तसं. म्हणून हुशारी केली, माल तीन तास आधीच पाठवला. गेटवर गाडी आत घेईनात. ड्रायव्हर उन्हात उभा, मला फोनवर फोन. शेवटी आमच्या सुपरवायझरकाकांनी बसवून सांगितलं: अरे, उशीर चूक तशीच घाईही चूक. टोयोटात ताइची ओनो यांनी ही पद्धत बसवली ती साठा करायचाच नाही म्हणून. कानबानचं कार्ड, म्हणजे माल हवा असल्याची चिठ्ठी, आली की तेवढंच, तेव्हाच. म्हणजे इथला जस्ट ‘बरोब्बर’ या अर्थाचा. त्या ड्रायव्हरदादांना संध्याकाळी जेवायला घेऊन गेलो. अजून बोलणं आहे आमचं.

जोबर्गवाली
आमच्याकडे जोहान्सबर्गला या, इथला जस्ट वेगळाच. नवीन आलो तेव्हा गीझर गळत होता. प्लंबर सकाळी दहाला म्हणाला “आय विल बी देअर जस्ट नाउ.” मी दार उघडं टाकून बसले, लेकाला शाळेतून आणायला शेजारणीला पाठवलं. आला चार वाजता. मी चिडलेली, तो बिचारा गोंधळलेला, कारण त्याच्या दृष्टीनं तो वेळेतच आला होता. दक्षिण आफ्रिकेत जस्ट नाउ म्हणजे ‘येईन नंतर कधीतरी’. नाउ नाउ म्हणजे त्यापेक्षा लवकर. अगदी आत्ता हवं असेल तर राइट नाउ म्हणावं लागतं. आफ्रिकान्समधला ‘नेटनाउ’ तर मघाशी झालेल्यालाही चालतो आणि थोड्या वेळानं होणाऱ्यालाही.

आजीचा नातू
@जोबर्गवाली, आपलं ‘आत्ताच’ तसंच आहे की. आत्ताच आला, आत्ताच येतो. आजी “आत्ता आले हं” म्हणून शेजारी जायची ती कुकर गार झाल्यावर यायची.

बाय द वे भाचा डर्बनला चाललाय नोकरीला. थंडीचे कपडे लागतात का तिकडे?

जोबर्गवाली
डर्बनला समुद्र आहे, एक स्वेटर पुरे. जोबर्गला जुलैत मात्र कुडकुडायला होतं. व्यनि (खासगी निरोप) करा, सांगते सगळं.

तालुका कोर्ट
माझ्या अनुभवातला जस्ट व्याकरणानं विशेषण आहे, तरी लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६८. न्यायाधिकरणाला जी रक्कम ‘जस्ट’ वाटेल ती भरपाई द्यायची. अशील एक म्हातारे शेतकरी, कर्ता मुलगा अपघातात गेलेला. निकालाचा कागद नातीकडून वाचून घेत पायरीवर बसले होते. पोरगी नववीतली, तिनं सांगितलं, “आबा, फक्त भरपाई असं लिहिलंय.” आबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि मला म्हणाले, “फक्त एवढीच किंमत झाली का माझ्या पोराची, साहेब?” मी तिथेच शेजारी बसलो. फक्त नाही आबा, न्याय्य असं लिहिलंय. त्यांनी घडी उलगडून तो शब्द बोटानं दाखवायला लावला. बराच वेळ बोट तिथून काढलं नाही.

पाऊसवेडी
😢

शब्दकोडं
वकीलसाहेब, नात चुकली तरी शब्द एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये ‘युस’ म्हणजे कायदा, त्यावरून ‘युस्टुस’, न्याय्य. जे न्यायाला धरून ते तंतोतंत, म्हणून क्रियाविशेषणाचा जुना अर्थ ‘बरोबर’. चाकणकरांचा जस्ट तोच. ‘केवळ’ हा अर्थ नंतरचा, सतराव्या शतकातला. म्हणजे ‘बरोबर एवढंच’मधलं ‘बरोबर’ झिजलं आणि ‘एवढंच’ उरलं.

सातारी
दहावीला इंग्रजीत ३५. जस्ट पास. वडिलांनी पेढे वाटले, गल्लीत कुणी ‘काठावर का’ म्हटलं तर म्हणायचे काठ तर काठ, पोर पलीकडं गेलं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून झालं २००० साली. आज मी त्याच भाषेत कोटेशनं पाठवतो. वडील नाहीत आता.

ओटा आणि लॅपटॉप
घाईत लिहितेय, भाजी गॅसवर आहे. मी प्रत्येक मेल ‘आय जस्ट वॉन्टेड टु आस्क’नं सुरू करायची. वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, जस्ट काढ, परवानगी मागितल्यासारखं वाटतं. काढलं. खरंच उत्तरं लवकर यायला लागली. पण सासरी, माहेरी फोन करताना ‘जरा’ काढवत नाही. जरा येता का, जरा बोलायचं होतं. तो माझा जस्टच आहे, आणि तो मला हवाय. थांबा शिट्टी झाली

पाऊसवेडी
मटारची करंजी करणार असाल तर सारणात ओलं खोबरं घालता की सुकं?

धागाकर्ती
ओलंच, आणि भरपूर कोथिंबीर.

सगळ्यांचं वाचून दाखवलं घरी. लेकीनं ‘फक्त’ खोडून नुकतंच, बरोब्बर, जेमतेम, जरा असं भरलंय. पाचवं वाक्य अडलं होतं, “जस्ट यू वेट!” आम्ही दोघी डोकं खाजवत बसलो. सासूबाई मटाराच्या ताटातून मान वर न करता म्हणाल्या, “थांब, बघतेच तुला!” तेच लिहिलंय. ‘च’च्या खाली तिनं लाल पेनानं रेघ मारलीय.