शालेय वयातील अर्धवेळ नोकरी आणि पुढचे शिक्षण

मध्यान्ह
माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी एका दुकानात काम करू का, असे तो विचारतो आहे. घरची गरज म्हणून नव्हे, तर हातात स्वतःचे पैसे असावेत म्हणून. अशा कामामुळे मुले पदवीपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होते, असे काही जण सांगतात. काम केलेली मुलेच पुढे तरतात, असेही तितक्याच ठामपणे ऐकायला मिळते. या मुलांचा वर्षानुवर्षे माग काढणारे अभ्यास झाले आहेत का, आणि ते नेमके काय सांगतात? अनुभव जरूर लिहा, मात्र ‘आम्ही किती कष्टाने शिकलो’ या धर्तीचे प्रतिसाद टाळल्यास उपकार होतील.

सरासरी
अभ्यास पुष्कळ आहेत आणि त्यांतील मोठा वाटा अमेरिकेचा आहे, कारण तिथे शाळकरी मुलांनी नोकरी करणे सर्रास चालते. एलेन ग्रीनबर्गर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात अशा नोकरीबाबत धोक्याची सूचना दिली आणि तेव्हापासून आठवड्याला २० तास ही रेषा चर्चेत रुळली. त्यापलीकडे काम करणाऱ्या मुलांचे गुण आणि शाळेतील लक्ष, दोन्ही कमी आढळतात, हे पुढेही अनेकदा दिसून आले.

परंतु यावरून कामामुळे अभ्यास बिघडतो असे म्हणणे घाईचे ठरेल. ज्यांचे मन शाळेतून आधीच उडालेले असते, तीच मुले जास्त तास मागून घेतात. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? हा गुंता सोडवण्याचा मला सर्वांत पटलेला प्रयत्न शाळेतला नसून महाविद्यालयातला आहे. केंटकीतील बेरिया कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावेच लागते आणि पहिल्या वर्षी कोणते काम मिळणार हे कॉलेज ठरवते. काही कामांत जादा तास मिळतात, काहींत मिळत नाहीत. म्हणजे तासांतील हा फरक विद्यार्थ्याच्या स्वभावातून आलेला नसतो. टॉड आणि राल्फ स्टाइनब्रिकनर या संशोधकांनी २००३ मध्ये याच फरकाचा उपयोग केला. साध्या तुलनेत जास्त काम करणारे विद्यार्थी मागे पडलेले दिसत नव्हते, पण नेमून दिलेल्या कामांच्या आधारे हिशेब मांडल्यावर जादा तासांनी गुण घटतात असे निघाले. थोडक्यात, वरवरची तुलना दोन्ही दिशांनी फसवू शकते.

उंबरठा
‘सरासरी’ यांच्या मांडणीला एक पुरवणी. गुण आणि अंतिम शिक्षण या एकच गोष्टी नव्हेत, आणि प्रश्न दुसरीबद्दल आहे. समाजशास्त्रज्ञ जेलन मॉर्टिमर यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटातील सेंट पॉल येथे १९८८ मध्ये नववीतील सुमारे १,००० मुलांपासून सुरू केलेला अभ्यास ती मुले प्रौढ झाल्यावरही चालू राहिला. त्यात एकूण तासांइतकेच महत्त्व काम कसे विभागलेले आहे याला दिले होते: कोण वर्षभर थोडे थोडे काम करतो, कोण थोड्याच महिन्यांत पण भरपूर तास करतो, कोण दोन्ही. माफक तासांचे काम सातत्याने करणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे पदवीपर्यंत पोहोचले, आणि हा संबंध विशेषतः अशा मुलांत दिसला ज्यांच्याकडून नववीत शिक्षणाबाबत फारशी आशा नव्हती. कामामुळे वेळेची शिस्त लागली, की मुळातच शिस्तीची मुले असे काम निवडतात, हा प्रश्न इथेही उरतोच. तरी सरसकट ‘काम वाईट’ म्हणणाऱ्यांनी या निष्कर्षाला उत्तर द्यायला हवे.

खडू-फळा
निवृत्तीपूर्वी मी वरच्या वर्गांना गणित शिकवत असे, त्यामुळे आकडेवारीऐवजी वह्यांबद्दल लिहिते. दुकान बंद होईपर्यंत थांबणाऱ्या एका विद्यार्थ्याची सोमवारची वही नीटनेटकी असे. गुरुवारी पहिली दोन उदाहरणे पूर्ण आणि तिसऱ्याच्या जागी ‘समजा,’ एवढेच लिहिलेले. त्याच वर्गातील एक मुलगी फक्त सुटीच्या दिवशी काम करी आणि तिच्या वहीत असा फरक कधी दिसला नाही. कामाने मोकळा वेळ खाल्ला तर फारसे बिघडत नाही. झोप खाल्ली तर दुसऱ्या दिवशीचा पहिला तासही त्यात जातो.

मध्यान्ह
सर्वांचे आभार. त्याला आठवड्याला १२ तास सांगितले आहेत, पण ‘गर्दी असेल तेव्हा थांबावे लागेल’ अशी अटही आहे. १२ तास चालतील असे समजावे का?

सरासरी
१२ हा आकडा एकट्याने काळजीचा नाही. अमेरिकेचा संघीय कायदा १४–१५ वर्षांच्या मुलांना शाळेच्या आठवड्यात १८ तासांपर्यंत आणि शाळेच्या दिवशी ३ तासांपर्यंत मुभा देतो. १६ पूर्ण झाल्यावर ही तासमर्यादाच उरत नाही, म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाला तो कायदाही लगाम घालत नाही. आपल्याकडचा नियम वेगळा असेल तर तो आधी पाहा. मला खटकते ती गर्दीची अट, कारण वाढीव तास नेमके सणासुदीला येतात आणि पुष्कळदा परीक्षाही त्याच सुमारास असतात. परीक्षेच्या आठवड्यांत जादा थांबणार नाही, हे कामावर रुजू होण्यापूर्वी मालकाकडून लिहून घेता आले तर घ्या. मालक त्याला तयार नसेल, तर मी नकार देईन.