अनुभव धागा: कुंपण नाही, गाइड नाही, आणि समोर हत्ती

धुकेरी
काल सकाळी दार उघडलं तर पायरीवर एकच चप्पल. दुसरी गल्लीतल्या कुत्र्याने लांबवली होती. सासूबाई त्याला लाखोली वाहत होत्या आणि मला एकदम माना पूल्स नॅशनल पार्क आठवलं. तिथे रात्री बूट तंबूबाहेर राहिले तर तरस उचलून नेतं, आणि मग शोधायला जायची सोय नाही.

झिम्बाब्वेत, झांबेझी नदीच्या काठावर. पलीकडच्या तीरावर झांबिया. १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कॅम्पला कुंपण नाही आणि परवान्याचे पैसे भरले की बंदूकवाला रेंजर न घेता, आपले आपण पायी फिरायची मुभा. आफ्रिकेत अशी मुभा फार थोड्या ठिकाणी मिळते. नवऱ्याने हे सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं.

माझ्या डोक्यात जंगल म्हणजे गच्च झाडी. इथे नदीकाठचं सपाट मैदान, त्यावर आल्बिडा नावाची उंच झाडं, आणि खाली झुडूप म्हणून फारसं नाहीच. लांबवर दिसतं म्हणूनच चालता येतं. झाडं उलट्या डोक्याची: पावसाळ्यात निष्पर्ण, कोरड्या दिवसांत हिरवीगार. बाकी सगळं वाळलेलं असताना यांच्या शेंगा पडतात, म्हणून हत्ती इथे. बॉसवेल नावाचा हत्ती मागच्या दोन पायांवर उभा राहून फांद्या ओढायचा, त्याचे फोटो पाहिले असतील.

आम्ही लाँग पूल नावाच्या तळ्याच्या बाजूने निघालो होतो. नवरा मधूनमधून मुठीतली माती सोडून वारा बघत होता. एक मोठा नर शेंगा वेचत वेचत आमच्याच दिशेने येऊ लागला. घाई अशी काहीच नाही. आम्ही वारुळाआड बसलो. तो इतका जवळ आला की शेंगा चावल्याचा कडकड आवाज आणि पोटातली गुरगुर, दोन्ही ऐकू येत होतं. मग सोंड उंच करून हवा हुंगली, आणि पुढच्या झाडाकडे गेला. सिंह येईल म्हणून घरून घाबरत निघाले होते, पण पाय लटपटले ते शाकाहाऱ्यापुढे.

तुमचे अनुभव लिहा. तंबूतल्या रात्रीही चालतील.

चकलीचा_सोऱ्या
रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय.

नैरोबीकर
केनियातलं हेल्स गेट पार्क राहिलं की! नैवाशापासून जवळ. गेटवर भाड्याने सायकल मिळते, गाइडची सक्ती नाही. झेब्रे, जिराफ, वॉरथॉग (तिथली रानडुकरं) यांच्यामधून पायडल मारत जायचं. पुण्याहून पाहुणे आले की मी तिथेच नेतो. भाचा जिराफाकडे बघता बघता बाभळीच्या काट्यांत घुसला, दोन्ही टायर पंक्चर. पंप भाचीच्या सॅकमध्ये आणि ती एक मैल पुढे. सिंह सहसा नसतात म्हणून लोक निर्धास्त, पण रानम्हशी आहेत. एकटा म्हातारा नर दिसला तर लांबून वळसा.

मात्र तिथली घळ प्राण्यांपेक्षा वाईट. डोंगरावर पाऊस झाला की खाली लोंढा येतो. २०१२ मध्ये सात तरुण वाहून गेले. ढग दिसले तर घळीत उतरूच नका.

पोटोबा
हत्तीने शेंगा खाल्ल्या. तुम्ही काय खाल्लंत ते लिहा.

धुकेरी
@पोटोबा, पोहे, बिनलिंबाचे! संत्री-लिंबं न्यायला बंदी आहे. हत्तीला वास लागला की तो गाडीचं दार गोणीसारखं उसवतो.

पोटोबा
आणि लिंबाचं लोणचं?

खडीसाखर
सिंबा कॅम्प, गोरोंगोरो, टांझानिया. रात्री दोन वाजता आईला जायचं होतं. थंडी मरणाची, विवराच्या कडेवर आहे तो. टॉर्च मारला तर सगळीकडे डोळे. मी म्हटलं आई थांब. ती चष्मा लावून म्हणते, "पट्ट्यांची गाढवंच आहेत ना, चल." आणि शाल गुंडाळून झेब्र्यांमधून सरळ चालत गेली. मी मागे. सकाळी पाण्याच्या टाकीवर हत्ती येऊन पाणी पिऊन गेला, तेव्हाही ती दात घासत शांत उभी. आमच्या बाबांनी मात्र तंबूची चेन उघडली नाही. सध्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, फिजिओवाला रोज ही गोष्ट ऐकतो.

नैरोबीकर
आईंना नमस्कार सांगा. कुठला गुडघा?

खडीसाखर
डावा. उजवा दिवाळीनंतर.

मोडकी_छत्री
मला हे पटत नाही. आपल्याकडे ताडोबात जिप्सीतून उतरू देत नाहीत ते बरंच आहे. तुम्हाला थरार हवा, पण उद्या काही झालं तर गोळी बहुधा त्या प्राण्याला बसते.

धुकेरी
मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच अंतर. हत्ती आपल्याकडे आला तर गोष्ट वेगळी, आपण त्याच्याकडे जायचं नाही. फोटोसाठी पुढे पुढे सरकणारं एक जोडपं तिथे होतं, त्यांना बघून माझीच चिडचिड झाली.

सायंतारा
आम्ही बोत्सवानात, ओकावांगोच्या मोरेमी अभयारण्यात थर्ड ब्रिज कॅम्पवर होतो. सिंहाचं कसलं घेऊन बसलात, बबून माकडं बघा. ब्रेड, साखर, दंतमंजन सगळं पाच मिनिटांत साफ. रात्री पाणघोडे चरायला बाहेर येतात, तंबूला खेटून गवत उपटल्याचा आवाज. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहायचं नाही एवढा एकच नियम, पण अंधारात पाणी कुठल्या बाजूला ते आधी कळायला हवं ना! दिवस असतानाच बघून ठेवा.

अर्धा_कप
त्सेत्से माशीबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या ग्रुपमधला एक जण गडद निळी जीन्स घालून आला होता. या माशीला निळा-काळा रंग आवडतो, तिचे सापळेसुद्धा त्याच रंगांच्या कापडाचे असतात. जीन्समधूनही चावते. बाकीचे खाकीत आरामात.

चकलीचा_सोऱ्या
कुकर झाला. माझा अनुभव आफ्रिकेचा नाही, भीमाशंकरचा आहे आणि त्यात फक्त शेकरू आहे. लिहू का?

अर्धा_कप
लिहा लिहा. शेकरूचं वजन सांगा म्हणजे धोक्याचा अंदाज येईल.

पोटोबा
लोणच्याचं कुणी सांगेल का? ऑगस्टमध्ये खरंच चाललोय. सासूबाईंनी बरणी भरून ठेवलीय, नाही म्हणायची हिंमत नाही.

धुकेरी
लिंबाची बरणी घरीच ठेवा, त्यांना कैरीचं मागा. तेही रात्री तंबूत नको.