रिकॉलचं पत्र आलंय, मालक मानत नाही. क्वाड चालवू की नको?

वारणाकाठ (साउथ गिप्सलँड, व्हिक्टोरिया)

मंडळी, नमस्कार. ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडला शेतावर काम करणारं कुणी इथे असेल तर सल्ला हवाय.

मी एका डेअरी फार्मवर कामाला आहे. गाव कोल्हापूरकडचं, घरी म्हशी, त्यामुळे जनावरांचं काम अंगवळणी पडलेलं. क्वाड (चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली शेतगाडी) मात्र इथे येऊनच शिकलो. पहाटे गाई पॅडकमधून हाकून आणायच्या, कुंपणाच्या तारा बघत फिरायचं, मागे टाकी बांधून तणनाशक मारायचं, सगळं क्वाडवरच. फार्मवर तीन क्वाड आहेत आणि तिन्ही एकाच कंपनीच्या. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण कंपनीशी नाही.

त्यातल्या एका मॉडेलचं रिकॉलचं, म्हणजे सदोष मशीन कंपनीने परत बोलावल्याचं, पत्र आलंय. थ्रॉटल (अंगठ्याने दाबून वेग वाढवायचा खटका) अडकू शकतो, वापर थांबवा, डीलरकडे आणा, दुरुस्तीचे पैसे लागणार नाहीत, असं लिहिलंय. मालकाने पत्र वाचलं आणि फ्रिजवर चिकटवलं. ते तिथेच आहे. मालक सत्तरीचा, माणूस लाखात एक. माझी बायको आजारी होती तेव्हा धारा स्वतः काढल्या आणि मला घरी पाठवलं. त्याच्या वडिलांनी याच कंपनीचं तीन चाकी मशीन घेतलं होतं, तेव्हापासून या घरात दुसरी कंपनी आलेली नाही. तो म्हणतो, "हे वकिलांचे उद्योग आहेत. आमच्या मशीनने कधी दगा दिलेला नाही."

पण ते मशीन मी चालवतो. गारठ्यात थ्रॉटलवरून अंगठा उचलला तरी इंजिन क्षणभर ओढत राहतं, मग सुटतं. थंडीमुळे असेल असं वाटायचं. पत्र वाचल्यापासून शेततळ्याकडच्या उतारावर तो क्षण फार मोठा वाटतो.

ही कंपनी आता इथे नवीन क्वाड विकत नाही. मग रिकॉल तरी चालू असेल का? आणि मालकाला न दुखावता हे कसं सांगायचं? तो आणखी एक जुनं मशीन घेतोय, त्याच कंपनीचं, बिनबारचं, म्हणजे उलटल्यावर वाचवणारा मागचा लोखंडी बार नसलेलं. त्याबद्दल बोलू की गप्प बसू?

पानापक्कड (शेपार्टन)

वारणाकाठ, ते मशीन आजपासून चालवू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही जे लिहिलंय त्याला थंडी म्हणत नाहीत. इंजिन बंद ठेवून तपासा. हँडल पूर्ण डावीकडे वळवा, अंगठ्याने थ्रॉटल दाबून सोडा. मग पूर्ण उजवीकडे वळवून तेच करा. दोन्हीकडे तो खटकन जागेवर आला पाहिजे. रेंगाळला तर मशीन शेडमध्ये लावा, किल्ली काढून मालकाच्या हातात द्या. आणि ही तपासणी पास झाली म्हणून रिकॉल मिटला असं समजू नका, दुरुस्ती करून घ्यायचीच. बाकीच्या दोन क्वाडवर बसतानाही स्टॉपचं बटण डोळे मिटून सापडेल इतकी बोटाला सवय करा.

मी शेतीयंत्रांच्या डीलरकडे पार्ट्सच्या काउंटरवर असतो. तुमच्या मालकासारखी माणसं मला रोज भेटतात आणि मला ती आवडतात. त्यांची कंपनीवरची निष्ठा खोटी नसते. ऐन हंगामात मशीन बंद पडलं तेव्हा रविवारी कुणीतरी येऊन ते चालू करून दिलेलं असतं. शेणाचिखलात वर्षानुवर्षं साथ देणाऱ्या यंत्रावर माणसाचा जीव बसणारच. त्यामुळे रिकॉलचं पत्र आलं की त्यांना ते आपल्याच घरातल्या कुणावर घेतलेल्या आळासारखं वाटतं.

म्हणून मालकाशी कंपनीबद्दल बोलूच नका, नंबराबद्दल बोला. रिकॉल सगळ्या कंपनीवर नसतो, ठरावीक काळात बनलेल्या ठरावीक मशीनवर असतो. फ्रेमवर १७ अक्षरं-आकड्यांचा नंबर कोरलेला असतो, बहुतेक मशीनवर पुढच्या बाजूला, खाली. तो डीलरला फोनवर वाचून दाखवा, पाच मिनिटांत उत्तर मिळतं. "तुमची कंपनी सदोष आहे" हे तो ऐकणार नाही. "तुमच्या कंपनीने हा नंबर परत मागितलाय, त्यांचंच ऐका" हे ऐकेल. निष्ठावंत गिऱ्हाईकाला हेच पटतं, माझा काउंटरवरचा अनुभव आहे.

कंपनी क्वाड विकत नसली तरी रिकॉल संपत नाही. होंडा आणि यामाहा यांनी इथे शेतकामाच्या क्वाड बंद केल्या, पण मोटारसायकली, साइड-बाय-साइड (माणसं शेजारी-शेजारी बसतात ती स्टिअरिंगची गाडी) आणि पार्ट्सचा धंदा चालूच आहे. विकलेल्या मालाची जबाबदारी त्यांच्यावरच आहे. रिकॉल सुरू केला की पुरवठादाराला दोन दिवसांत सरकारला कळवावं लागतं आणि तो प्रॉडक्ट सेफ्टी ऑस्ट्रेलियाच्या साइटवर लागतो. गाड्यांच्या रिकॉलच्या साइटवर शोधू नका, शेतावरची क्वाड तिथे सापडत नाही.

मला ज्याची खरी काळजी वाटते ते वेगळंच आहे. २०१८ मध्ये मोटारींमधल्या ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगचा सक्तीचा रिकॉल निघाला, तेव्हा एअरबॅग न बदललेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन अडवायची सोय राज्यांकडे होती. लोक मुकाट्याने गेले. शेतावरच्या क्वाडला बहुधा रजिस्ट्रेशनच नसतं, त्यामुळे अडवणार कोण? पत्र जातं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. मशीन दोन-तीन हात फिरलं की ते पत्र कुणालाच मिळत नाही. तुमच्या मालकाला मिळालं हे नशीब समजा. आणि ज्या कंपनीचे रिकॉल जास्त ती वाईट, असाही हिशेब करू नका. स्वस्तात मशीन आणून विकणारा आणि दोन वर्षांत गाशा गुंडाळणारा कधी रिकॉल काढत नाही. पत्र पाठवायला तिथे कुणी उरलेलंच नसतं.

आता जुन्या मशीनबद्दल. गप्प बसू नका.

इथे क्वाडच्या अपघातांत वर्षाला सरासरी १६ माणसं जात होती, म्हणून २०१९ मध्ये नवा सेफ्टी स्टँडर्ड आला. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२० पासून, दुसरा ऑक्टोबर २०२१ पासून. दुसऱ्या टप्प्यानंतर शेतकामाच्या प्रत्येक नव्या क्वाडला मागे संरक्षक बार हवा आणि २८.८१ अंशांपेक्षा कमी तिरप्या उतारावर ती दोन चाकांवर उचलली जाता कामा नये. ३०० किलोचं मशीन उलटून छातीवर बसलं की एकही हाड न मोडता माणूस गुदमरून जातो, आणि शेतावर बरेचदा शेजारी कुणी नसतं. बार कशासाठी, तर मशीन आणि जमीन यांच्यामध्ये माणसापुरती फट राहावी म्हणून.

कंपन्यांचं म्हणणं होतं की बारमुळेच इजा होऊ शकते, हेल्मेट आणि प्रशिक्षणावर भर द्या. हेल्मेट हवंच, त्यावर वाद नाही. पण नॅशनल फार्मर्स फेडरेशनसारखी शेतकऱ्यांची संघटना बारच्या बाजूने उभी राहिली असताना मोठ्या कंपन्यांनी इथून क्वाड काढून घेतल्या. माझ्या काउंटरवर लोक तारीख उलटायच्या आत बिनबारचं मशीन मिळवायला धडपडत होते आणि शिव्या घालत होते सरकारला. मला ते आजही खुपतं. ज्या कंपनीशी आपण तीन पिढ्या इमान राखलं, तिने आपल्या पाठीमागे एक लोखंडी कमान लावण्यापेक्षा दुकान आवरणं पसंत केलं. राग तिचा यायला हवा होता.

इथल्या इथे विकल्या जाणाऱ्या जुन्या मशीनला हा नियम लागू नाही. मालकाला घ्यायचंच असेल तर घेऊ दे, पण त्यावर बार बसवून घ्या. क्वाडबार आहे, लाइफगार्ड आहे, दोन्ही जुन्या मशीनला बसतात. व्हिक्टोरियात मागे याला अनुदान मिळायचं, आत्ता काय आहे ते वर्कसेफला (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारं सरकारी खातं) फोन करून विचारा. व्यवहाराआधी त्या मशीनचाही नंबर डीलरकडून तपासून घ्या.

झिम्मा (मिनेसोटा)

पानापक्कड, प्रतिसाद वाचून नवऱ्यालाही दाखवला.

आमच्याकडे ही निष्ठा गावागावात वाटलेली आहे. अशी वाहनं बनवणाऱ्या कंपन्यांत पोलॅरिस रोझो गावची आणि आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची, दोन्ही मिनेसोटाच्या उत्तरेला. गंमत म्हणजे पोलॅरिस सुरू करणाऱ्यांतल्या एडगर हेटीन यांनीच पुढे आर्क्टिक कॅट काढली, आणि तरी दोन गावं हट्टाने आपापल्या रंगाचं जॅकेट घालतात. त्यात तिथल्या कारखान्यांवर घरं चालतात, त्यामुळे कंपनीविरुद्ध बोलणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोटावर पाय.

पण एप्रिल २०१६ आठवतो. पोलॅरिसने आरझेडआर ९०० आणि १००० मॉडेलची सुमारे १,३३,००० वाहनं आगीच्या धोक्यामुळे परत बोलावली. १६० च्या वर आगी लागल्या होत्या आणि एक १५ वर्षांची मुलगी गेली होती. २०१८ मध्ये कंपनीने २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलर दंड भरला, कारण धोक्याची माहिती सरकारला वेळेत दिली नाही असा आरोप होता. हे साइड-बाय-साइड, क्वाड नव्हेत, पण घेणारी माणसं तीच. माझ्या ऑफिसातल्या एकाने लगेच दुरुस्ती करून आणली आणि आजही तो त्याच कंपनीचं घेतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. मला भीती वाटते ती "माझ्या मशीनला काही होत नाही" म्हणत मुलांना मागे बसवणाऱ्यांची. वारणाकाठ, फार्मवर मालकाची नातवंडं येतात का? येत असतील तर त्याच्या बायकोशी बोला. काम होईल.

सुरूचंबन (अलिबाग)

मला यातलं फारसं कळत नाही, पण वाचून अस्वस्थ झालो. नागाव-काशीदला किनाऱ्यावर एटीव्हीच्या, म्हणजे या क्वाडच्याच, फेऱ्या चालतात. बाप हँडलवर, पुढ्यात पोरगं, डोक्यावर काही नाही, खारं पाणी रोज केबलवर उडतंय. आमच्या एका ओळखीच्या चालकाला विचारलं, मशीन कुठल्या कंपनीचं, कधीचं? त्याला ठाऊक नव्हतं, पुण्याहून कुणाकडून तरी जुनी घेतलीत म्हणाला. त्याला पत्र कोण पाठवणार? पानापक्कड, ती हँडल वळवून थ्रॉटल सोडायची तपासणी त्याला करायला सांगू शकतो ना? खाऱ्या हवेत केबलला आणखी काय बघायचं?

पानापक्कड

जरूर सांगा. केबलचं बाहेरचं वेष्टण कुठे तडकलंय का आणि दोन्ही टोकांना गंज आहे का ते बघायचं. वेष्टण फाटलं असेल तर वंगण घालत बसू नका, केबल बदलायची. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायचं, पण थ्रॉटलच्या डबीवर जोराची धार मारायची नाही. आणि पुढ्यात मूल बसवणं बंद. क्वाड अंग कलवून चालवायची असते, पुढ्यात कुणी असलं की चालवणाऱ्याला हलताच येत नाही.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हँडल डावीकडे वळवलं की थ्रॉटल रेंगाळतो, स्वतः पाहिलं. किल्ली मालकाला दिली. तो काही बोलला नाही, पण सकाळी गाई आणायला स्वतःची यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) घेऊन आला.

नंबर डीलरला सांगितला, मशीन रिकॉलमध्ये आहे. "कंपनीने परत मागितलंय" हे वाक्य जसंच्या तसं वापरलं. त्यावर त्याने पत्र फ्रिजवरून काढून माझ्यासमोर पुन्हा वाचलं आणि "मंगळवारी ट्रेलर जोड" एवढंच म्हणाला. बारचा विषय काढल्यावर मात्र चिडला, त्याला ते मशीनचं विद्रूपीकरण वाटतं. नातवंडं शाळेच्या सुट्टीत येतात. झिम्माताई, त्याच्या बायकोशी उद्या चहाच्या वेळी बोलतो.

पानापक्कड, बाकीच्या दोन क्वाडपैकी एकीचा नंबर वाचता येत नाहीये, फ्रेमवर शेणाचा थर बसलाय आणि खाली गंज दिसतो. वायर ब्रशने घासला तर अक्षरं जातील का?

पानापक्कड

वायर ब्रश नको. कोमट साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश घ्या, मग गंजावर थोडं डिझेल लावून फडक्याने पुसा. तरी नाही दिसलं तर टॉर्च अगदी तिरपी धरून फोटो काढा, कोरलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. फोटो डीलरला पाठवा.